फाटकापाशी कोणती सावनी

रविवारी सकाळी साडेसातला मामाचा टेम्पो फाटकाशी येऊन थांबला आणि घरातून सगळ्यात आधी सून पळाली, तीही अनवाणी.

"मामा, किती आणल्यात?"

"आधी चहा विचार गं बाई," मामा केबिनमधून उतरत म्हणाला. "एक मोठी, सहा बुटक्या. बुटक्यांतल्या तीन निवडा, तीन मी परत नेणार. आणि बाराला निघणार म्हणजे निघणार. दुपारी गिऱ्हाईक आहे."

मामा म्हणजे हिचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. मुलं मामा म्हणतात म्हणून मीही मामाच म्हणतो. तो मला दाजी म्हणतो, हिला अक्का म्हणायचा. तीस वर्षं त्याची नर्सरी आहे. बोलायला तिखट माणूस, पण रोपाला हात लावताना त्याला बघावं.

मी व्हरांड्यात उभा होतो. अंगात चांगला शर्ट होता. कुणी घाला म्हटलं नव्हतं. पाचलाच जाग आली, दाढी केली आणि हात आपोआप त्या शर्टाकडे गेला. ही गेल्याला चौदा महिने झाले. एवढ्या दिवसांत सकाळची वाट बघावी असं मला पहिल्यांदाच वाटलं होतं.

मुलाने मागची फळी पाडली, मामाने ताडपत्री ओढली, आणि सून एकदम "अगं बाई!" म्हणाली. सहाही रोपं फुलून आली होती. गुलाबी, पांढरी, जांभळी. सावनीचं फूल ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगायचं तर, शाळेत सजावटीला क्रेपचा कागद आणायचे ना, तो कुणीतरी मुठीत चुरगाळून सोडून द्यावा तशा पाकळ्या. असल्या पन्नास-साठ फुलांचा एकेक घोस. आणि मागे, केबिनला टेकवून, दोरीने बांधलेली ती मोठी. पुरुषभर उंचीच्या वर गेलेली, तीन खोडांची, लालभडक.

"फुललेली कशाला आणलीत?" मुलगा म्हणाला. त्याचं टायरचं दुकान आहे. नवीन मालाला धूळही लागू नये असा त्याचा स्वभाव. "हलवताना फुलं गळतात की."

"गळू देत. रंग तर दिसला? न फुललेलं रोप चिठ्ठी वाचून नेतात आणि वर्षाने भांडायला येतात. चिठ्ठीवर जांभळा, फांदीवर गुलाबी. सावनी घ्यायची ती फुलली असतानाच घ्यायची. डोळ्यांनी बघून."

रस्ता रुंद झाला तेव्हा आमची जुनी भिंत गेली आणि तिच्याबरोबर जुनी झाडंही गेली. नवी भिंत सहा फूट आत बांधली. आता घर आणि भिंत यांच्यामध्ये एक पट्टा उरला आहे. सुनेच्या टेपप्रमाणे अकरा फूट रुंद, चौतीस फूट लांब. सून घरीच टेबल टाकून इमारतींचे नकाशे काढते. टेप तिच्या कमरेला असतो, किल्ल्या असाव्यात तसा. या पट्ट्यात काय लावायचं ते हिने दवाखान्यात पडल्या पडल्या ठरवलं होतं. "सगळ्या सावन्या लावा," म्हणाली होती. "उन्हाळा सरता सरता सुरू होतात त्या तीन-चार महिने थांबत नाहीत. आणि पानं गळली की साल बघत बसा. गुळगुळीत होते, हात फिरवावासा वाटतो."

आदल्या दिवशी मी आणि मुलाने चार खड्डे खणले होते. भिंतीलगत तीन लहान, आणि फाटकापाशी एक मोठा.

साडेआठला लेक आली. स्कूटर लावायच्या आधीच ओरडली, "मी यायच्या आत निवडलंत का? वहिनी, खरं सांग!"

"एकाही रोपाला हात लावला नाहीये ताई. फक्त मनात निवडलं."

"कोणतं?"

"तीन पांढरी."

"पांढरी?" लेक औषधाच्या दुकानात उभी असते दिवसभर. "मी आठ तास पांढऱ्या कोटात असते. घरी आल्यावर पण पांढरंच बघू? जांभळी घ्या."

"भिंतीचा रंग बघा ना. तुमच्या दादांनी निवडलाय, विटकरी. विटकरीपुढे जांभळा मळकट दिसतो, गुलाबी तर दिसतच नाही."

"माझ्या भिंतीला नावं ठेवू नकोस," मुलगा म्हणाला.

"नावं कुठे ठेवतेय? भिंत सोडून झाड बघू का?"

मामा पायरीवर बसून चहा पीत मजा बघत होता. मग उठला, एक पांढरं आणि एक जांभळं रोप उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवलं. "दहा पावलं मागे जा सगळे. रस्त्यावर जा. आणि आता बोला."

आम्ही पाचही जण रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. पांढरं नुसतं उजळलं होतं. जांभळं भिंतीत बुडालं होतं.

लेकीने दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाली, "बरं. पण माझ्या खोलीच्या खिडकीखाली एक जांभळं. खोलीची भिंत पिवळी आहे. तिथे शोभेल."

"तुझी खोली?" मुलगा म्हणाला. "लग्न होऊन अकरा वर्षं झाली."

"मग काय झालं? अप्पा, माझी खोली आहे की नाही?"

"आहे," मी म्हटलं. सून लगेच लेकीच्या बाजूला गेली. म्हणाली, पिवळ्यावर जांभळा छानच दिसतो, चौथा लहान खड्डा आत्ता खणते. पाच मिनिटांपूर्वी भांडत होत्या त्या दोघी आता एका बाजूला आणि कुदळ मुलाच्या हातात. आमच्या घरात असंच होतं.

मग निवड सुरू झाली. मामा प्रत्येक रोप कुंडीतून अर्धवट उपसून मुळं दाखवत होता. एका पांढऱ्याची मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळली होती, ते त्याने बाजूला ठेवलं. "हे माझंच पाप. कुंडी बदलायची राहिली." लेकीने एका पानावर पिठासारखं काही दाखवलं. मामाने ते पान चष्म्याजवळ नेलं. "भुरी. तुझी नजर चांगली आहे. दाट लावली, हवा खेळली नाही की येते. म्हणून चार-चार फुटांवर लावायच्या. या बुटक्या चार फूट उंच झाल्या की वाढायच्या थांबतात. कात्री लावावी लागत नाही, भांडण नाही."

दहा वाजेपर्यंत तीन लागल्या. दोन पांढऱ्या, एक जांभळी. भिंतीलगतचा तिसरा खड्डा मामा पुढच्या फेरीत आणेल त्या पांढऱ्यासाठी ठेवला. माती घोट्याला लागलेली, सगळे हसत होते, सून रस्त्यावर जाऊन जाऊन बघून येत होती. माझ्याही चेहऱ्यावर हसू होतं, हे मला मुलगा माझ्याकडे बघतोय म्हणून कळलं.

आता राहिला फाटकापाशी खणलेला मोठा खड्डा.

मुलाने आणि मामाने मोठी लाल सावनी फळीवरून सरकवत खाली घेतली. अंगणात उभी केली तेव्हा घोस लेकीच्या डोक्याच्या वर हलत होते. तीन खोडं, तिन्ही सरळ, साल सोलून आत दालचिनीसारखा रंग आलेला.

"बारा वर्षं वाढवलीय," मामा म्हणाला. "हॉटेलवाले मागत होते, एका बिल्डरने तीनदा माणूस पाठवला. दिली नाही. अक्काच्या फाटकाला लावायची म्हणून ठेवली."

सून तिन्ही खोडांभोवती फिरून आली. झाड होतंच तसं.

"ठरलं तर," मुलगा म्हणाला. "घ्या उचला."

मी म्हटलं, "थांबा."

मला काय म्हणायचं होतं ते त्यांना माहीत होतं. व्हरांड्यात हिच्या खुर्चीशेजारी एक तेलाचा पंधरा किलोचा डबा आहे. त्यात हिचं रोप. आजारपणात हिने मामाकडून सावनीची एक वाळकी शेंग मागून आणली, एका थाळीत माती घालून बिया पेरल्या. आठ उगवली, सात मेली. एक राहिलं. ही गेली तेव्हा ते वीतभर होतं. "याच्याकडे लक्ष ठेवा," मला म्हणाली होती. आता ते कमरेएवढं झालं होतं, पानांनी गच्च. फूल मात्र एकदाही नाही.

"फाटकापाशी ते लावायचं," मी म्हटलं.

मामा खाली बघून हात झटकू लागला. "दाजी, राग मानू नका. बियांचं रोप आहे ते. आई-बापासारखं निघेल असं नाही. उंच होईल का बुटकं, लाल होईल का फिकं, कुणी सांगू शकत नाही. घराच्या तोंडावर नशिबाचा खेळ नको. मागे लावा, परसात. तिथे काहीही निघू दे."

"मामा बरोबर बोलतायत," मुलगा म्हणाला. "अप्पा, हे झाड बघा ना. आई असती तर उड्या मारल्या असत्या तिने."

"आईने बिया पेरल्या त्या परसात लावायला?" लेक म्हणाली. "दादा, तुला काहीच कसं वाटत नाही रे?"

"मला वाटत नाही? आईला ॲडमिट केलं तेव्हा रात्रीचा कोण थांबत होता?"

"झालं सुरू."

"ताई, अहो," सून म्हणाली, "एक मिनिट. मामा, ही लाल पूर्ण वाढली की किती?"

"वीस. पंचवीस."

सून फाटकापाशी गेली आणि वर बोट केलं. रस्ता रुंद झाला तेव्हा विजेची तार आमच्या फाटकावर आली होती. आम्ही रोज तिच्याखालून जातो, कुणी मान वर करत नाही. "साडेसतरा फूट. भिंत बांधताना मी नोंद करून ठेवलीय."

मामाने वर बघितलं. त्याने तारेकडे बघितलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. तीस वर्षं तो दुसऱ्यांना सांगतो की आधी जागा बघा, मग झाड आणा. बहिणीच्या घरी झाड आणताना त्याने जागा बघितलीच नव्हती.

"दरवर्षी शेंडे उडवू," तो हळू आवाजात म्हणाला.

"शेंडे?" लेक उसळली. "मामा, बस स्टँडसमोर छाटलेल्या सावन्या बघून आई काय म्हणायची? माणसाचे हात मनगटापासून तोडल्यासारखे दिसतात. त्या बाजूने चालायची नाही ती."

"माहितेय गं मला. मीच शिकवलं तिला ते." मामा बसला. "सावनी अशी छाटू नये. गाठी येतात, फांद्या काटक्यांसारख्या निघतात, घोसाच्या वजनाने लोंबतात. माहितेय."

"मग लालचं काय करायचं?" मुलाने विचारलं. त्याला ते झाड आता सोडवत नव्हतं.

सून पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला चालत गेली. पश्चिमेचा कोपरा. तार नाही, झाडी नाही, दुपारभर ऊन. तिथे मुलाची गाडी उभी होती. सून नुसती गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली.

"अजिबात नाही," मुलगा म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?"

"तू उभी राहिलीस ना तिथे! गाडी काय रस्त्यावर लावू?"

"ताई रोज रस्त्यावर स्कूटर लावते," लेक म्हणाली. ताई म्हणजे तीच.

मामा हसायला लागला. मुलगा त्या झाडाकडे बघत होता, मग गाडीकडे, मग परत झाडाकडे. शेवटी खिशातून किल्ली काढली आणि सुनेकडे फेकली. "तूच काढ. मला बघवणार नाही." त्याने शर्ट काढून खांबावर टाकला आणि कुदळ घेतली. नंतर सांगत होता, की खणताना वाटत होतं, निदान एका झाडाला तरी मी आईसाठी जागा दिली.

तो खणत असताना मी डबा उचलून फाटकापाशी आणला. मामा जवळ आला. पान चुरगाळलं, वास घेतला, बोट मातीत खुपसलं.

"दाजी, खत किती घालता?"

"दर रविवारी एक ओंजळ. आणि रोज पाणी."

"दर रविवारी!" मामाने कपाळावर हात मारला. "अहो, नुसती पानं करायला बसवलंय तुम्ही त्याला. आणि ठेवलं कुठे? सावलीत. सावनी सावलीत? सहा तास ऊन पाहिजे तिला, नाहीतर जन्मात फुलायची नाही."

मी तिथेच खाली बसलो. ही म्हणाली होती लक्ष ठेवा. मी जिथे बसतो तिथे, हिच्या खुर्चीशेजारी ठेवलं, म्हणजे सारखं डोळ्यांपुढे राहील. दर रविवारी खत. ज्याला मी जपतोय असं समजत होतो त्याला चौदा महिने मी अंधारात बसवलं होतं. मी बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, पस्तीस वर्षं. इंजिनाला हवा लागते, तेल लागतं, हे मला कुणी सांगायला लागलं नाही. आणि झाडाला ऊन लागतं हे मला कळू नये? "चौदा महिने सावलीत ठेवलं मी त्याला," मी म्हटलं.

"दोन महिने," सून म्हणाली.

"काय?"

"चौदा नाही, अप्पा. बाराच महिने सावलीत होतं. दोन महिने मी..." ती मुलाकडे बघत होती, जणू त्याने तिच्या वतीने बोलावं. "तुम्ही दहाला जुन्या वर्कशॉपवर गप्पा मारायला जाता ना, तुम्ही वळणावर गेलात की मी डबा गच्चीवर नेते. तुम्ही यायच्या आत खाली. दोनच्या आत."

"रोज?"

"रविवार सोडून."

"एकटी? पंधरा किलोचा डबा?"

"मी मदत करायचो," मुलगा खड्ड्यातून म्हणाला. "दुकानातून दहाला घरी यायचो दहा मिनिटं."

"तुम्ही दोघं?" लेक म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू लगेच अप्पांना सांगितलं असतंस!"

"सांगितलं असतं," लेकीने मान्य केलं.

मला आधी राग आला. खरं सांगायचं तर चांगलाच आला. माझ्यामागे माझ्या घरात. ओठांवर शब्द आले होते. पण सून माझ्याकडे बघत नव्हती. ती गुडघ्यांवर बसून रोपाची वरची पानं बाजूला करत होती, आणि तिचा आवाज बदलला.

"मामा. हे काय आहे?"

मामा वाकला. लेक वाकली. मी डब्याला धरून वाकलो. सगळ्यात वरच्या फांदीच्या टोकाला, पानांच्या आत, मिरीएवढे हिरवे गोळे होते. सात-आठ. त्यातला एक वाटाण्याएवढा, फुगलेला, त्याच्यावर बारीक शिरा.

"कळ्या," मामा म्हणाला.

लेकीने इतक्या जोरात किंकाळी फोडली की समोरच्या घराची खिडकी उघडली. मुलगा कुदळ टाकून चिखलाच्या पायांनी धावत आला. सून रडत होती आणि हसत होती. मी मोजत होतो. परत परत मोजत होतो. कधी सात भरायच्या, कधी आठ.

"रंग कोणता?" मुलगा. "मामा, रंग कळेल?"

"मोठी कळी नखाने फोडली तर आत पाकळी असते. कळेल."

"फोडा मग! आत्ताच ठरेल. लाल निघाली तर फाटकाला, नाहीतर..."

"हात लावाल तर बघा," लेक म्हणाली. "पहिली कळी आहे तिची!"

"अगं एक कळी! सात राहतील."

"वहिनी, तू सांग."

सुनेने मान हलवली. "मला कळत नाही. एकदा लावलं की झाड हलवायचं म्हणजे मुळं तुटतात. ठरवून लावलेलं बरं. पण फोडवत नाही."

मामाने घड्याळ बघितलं. सव्वाअकरा झाले होते. मग तो माझ्याजवळ आला, सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच मोठ्याने बोलला. "दाजी, मी एक सांगायचं ठेवलं होतं. अक्काने शेंग नेली ना, त्याच झाडाच्या शेंगांतल्या चिमूटभर बिया मी पण पेरल्या होत्या. तिच्याशी स्पर्धा म्हणून. माझी चाळीस उगवली. ऊन दिलं, गेल्या वर्षीच फुलली. सगळी फिकट. गुलाबी म्हणावं तर गुलाबी नाही, पांढरी म्हणावं तर पांढरी नाही. धुऊन धुऊन रंग गेलेल्या ओढणीसारखी. कुणी घेईना. मी उपटून खताच्या ढिगावर टाकली. बुटकी होती सगळी, दहा फुटांच्या वर जाणार नाहीत अशी. तेवढी एक गोष्ट चांगली. तारेला लागणार नाही. पण रंगाची आशा धरू नका. म्हणून मी लाल आणली. फाटकात रोज ते फिकं फूल बघून तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

हिचं रोप परसात लावा असं मामा का म्हणत होता ते मला आता कळलं.

चौघं माझ्याकडे बघत होते. चाळीस वर्षं या घरात कुठे काय लावायचं, कुठला रंग, कुठली भिंत, हे हिने ठरवलं. मी खड्डे खणायचो. आता खड्डा खणून तयार होता आणि ठरवणारी नव्हती. मला वाटलं, कुणीतरी बोलेल.

"कळी फोडायची नाही," मी म्हटलं. "आणि फाटकापाशी हेच लावायचं. लाल निघो, फिकं निघो."

"अप्पा, विचार करा," मुलगा म्हणाला, पण त्याच्या आवाजात भांडण नव्हतं.

"केला. त्या चाळीसांनंतरचं हे एकेचाळिसावं आहे. चाळीस फिकी निघाली म्हणून हे निघेलच असं मामा सांगू शकतो का?"

"नाही," मामा म्हणाला. "ते देवही सांगू शकत नाही."

"मग झालं."

खड्डा लालच्या मापाने खणलेला, खूप खोल. मामाने तो अर्धा भरायला लावला. "मूळ होतं त्याच पातळीला बसलं पाहिजे, खाली गेलं तर बुंधा कुजतो." डबा मुलाने पत्र्याच्या कात्रीने उभा कापला. माती न सांडता रोप खाली गेलं. वाळका पाला पसरला, बुंध्यापासून चार बोटं सोडून. पाणी मी घातलं. मामाने माझ्या हातातली बादली धरली. "एवढं बास. आणि खत नाही. वर्षभर नाही. शपथ घ्या."

"घेतली."

"लेकीवर हात ठेवून."

"माझ्यावर नको," लेक म्हणाली, "मोडतील ते."

बारा वाजून गेले होते. मामा तीनला गेला. गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात, म्हणाला. लाल सावनी पश्चिमेच्या कोपऱ्यात उभी होती आणि गाडी रस्त्यावर.

त्यानंतर नऊ दिवस मी वर्कशॉपवर गेलो नाही. फाटकापाशी खुर्ची टाकली. तिथे ऊन लागायचं, डोक्यावर रुमाल बांधला. येणारे-जाणारे विचारायचे, "अप्पा, कुणाची वाट बघताय?" मी सांगायचो. सगळ्यांना सांगायचो. समोरचे आजोबा लाल म्हणाले, पोस्टमन जांभळा म्हणाला. लेक रोज दुकान उघडायच्या आधी फोन करायची. "फुटली?" "नाही." "हात तर लावला नाहीत?" "नाही." मुलगा रोज दोनदा यायचा, टायरमध्ये हवा बघावी तसा कळी बघायचा. सुनेने भिंतीवर पेन्सिलीने कळीची रुंदी लिहायला सुरुवात केली होती. पाच मिलिमीटर. सहा. साडेसहा.

दहाव्या दिवशी सकाळी सहाला दार उघडलं तर हिरव्या टोपीला चीर पडली होती. आत काहीतरी चुरगाळलेलं. मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही, सून म्हणते मी हिचं नाव घेतलं. सून आली, मुलगा आला, फोन ऐकून आलेल्या लेकीने स्कूटर उभी केली ती पडलीच. मामाला सुनेने फोन केला. तो सात वाजता टेम्पो घेऊन आला, पायात दोन वेगळ्या चपला.

तोपर्यंत ऊन पडलं होतं आणि पाकळ्या एकेक करून बाहेर येत होत्या, घडी मोडल्यासारख्या. सहा पाकळ्या. मध्ये पिवळे तंतू.

फिकट होती. मामाने सांगितली तशीच. गुलाबी म्हणावं तर नाही, पांढरी म्हणावं तर नाही.

सगळे फुलाकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघत होते. मला वाईट वाटतंय का ते शोधत होते. मला वाईट वाटत नव्हतं. मला हसू येत होतं, पोटातून येत होतं. सुनेने माझा हात धरला आणि तीही हसायला लागली. मग लेक. "अगं, काय रंग आहे हा!" लेक म्हणाली. "याला नावच नाही!"

मामा एकटा हसला नाही. तो फाटकापाशी खाली बसला. चाळीस रोपं उपटली तेव्हा त्याला हा रंग दिसला नव्हता का, असं मी त्याला विचारलं नाही. त्याने बराच वेळ फूल बघितलं. मग टेम्पोतून छाटणीची कात्री आणून दांड्याकडून माझ्यापुढे धरली.

"दाजी," तो म्हणाला, "हे फुलून झालं की याच फांदीच्या चार काड्या मला द्याल? मला लावायच्यात. कुणी घेतल्या नाहीत तरी चालेल."

या घरातली हिची एकही वस्तू मी चौदा महिन्यांत कुणाला दिली नव्हती. साडी नाही, चष्मा नाही, पाण्याचा पेलाही नाही.

"चारने काय होतं?" मी कात्री घेतली. "कुठून कापायचं ते दाखव."